मधलं फूल कुणाचं?

"वारा घालायला पंखा आहे! तू हात नको हलवूस पोरी, मनगट हलव, मनगट!"

खेळाच्या बाईंचा हा आवाज. शाळेच्या लांबलचक दालनात तो एका भिंतीवर आपटायचा आणि दुसऱ्या भिंतीवरून परत यायचा. बाईंच्या गळ्यात शिट्टी असे, पण ती मंगळवारी धुतलेल्या दोरीसकट नुसती शोभेला. त्या आवाजापुढे शिट्टीची काय बिशाद! बाई जाऊन कैक वर्षं झाली. दालनही पाडलं म्हणे. पण आवाज कुठला पडतोय? तो आता टपाल कचेरीच्या तिसऱ्या खिडकीत राहायला आला होता. खिडकीमागे बसून बाईंची ही जुनी विद्यार्थिनी पाकिटांवर शिक्के मारायची, आणि प्रत्येक शिक्क्याला बाई कानात म्हणायच्या, मनगट! म्हणूनच तिचा शिक्का असा उमटे की गावाचं नाव आंधळ्यानंही बोटानं वाचावं. शेजारच्या खिडकीतल्या बाई खांद्यापासून शिक्का मारत, आणि दर थंडीत खांद्याला पट्टा बांधून येत.

आता इतकं सांगितल्यावर पुढचंही सांगायलाच हवं. ती बॅडमिंटन खेळायची. खेळायची म्हणजे अशी तशी नव्हे; शाळेची कप्तान, मग कॉलेजची कप्तान. माहेरी तिचा मोठा करंडक अजून आहे, त्यात तिची वहिनी चमचे ठेवते. लग्न झालं, बदल्या झाल्या, घर लागलं, मुलगी मोठी होऊन शिकायला परगावी गेली, आणि या सगळ्या धबडग्यात "अहो, मी खेळायचे" हे वाक्य बोलायचं राहूनच गेलं. लपवलं असं नाही. काही वाक्यं घरातल्या जास्तीच्या उशीसारखी असतात. पाहुणा आल्याशिवाय कपाटाबाहेर निघत नाहीत.

पाहुणा आला तो पानगळीच्या सुरुवातीला.

तिचा नवरा पाणीपुरवठा कचेरीत वरिष्ठ लिपिक. त्या संध्याकाळी खालच्या मजल्यावरचा दंतवैद्य चहाला आला होता. जाताना त्यानं, दात सोडून कशावरही बोलायचा हक्क नसताना, नवऱ्याच्या पोटाकडे पाहून "अरे वा!" एवढंच म्हटलं. बस्स. रात्रीच्या जेवणाला नवऱ्यानं घोषणा केली.

"या पानगळीत आपण दोघांनी खेळायचं. शनिवार-रविवार. सकाळी बॅडमिंटन, मग सगळ्यांनी मिळून जेवण, मग गप्पा. आयुष्य म्हणजे काय नुसत्या फायली आहेत?"

तिचा घास हातातच राहिला. कपाटाचं दार करकरलं, उशी बाहेर येऊ लागली. "अहो, मी तर..."

"तुला म्हणून सांगतो," तो ताटाकडे बघत म्हणाला, "शाळेत मला कधी कुणी संघात घेतलंच नाही. मास्तर म्हणायचे, तू बाहेर बस, डबे सांभाळ. सगळी पोरं मैदानात, आणि मी आपला झाडाखाली डब्यांजवळ. पाच वर्षं." आणि त्याचा चेहरा असा एवढासा झाला, दूर कुठेतरी गेला, की तिला भरून आलं. तिनं घासाबरोबर वाक्यही गिळलं.

"तुम्हाला येईल खेळता," ती म्हणाली.

"मला येईलच गं," तो सावरून म्हणाला. "प्रश्न तुझा आहे. तुला शिकवावं लागेल."

पान गळतं, फांदी मागे राहते; माणूस गप्प बसतो, मनगट आतल्या आत बोलत राहतं. तिनं मान डोलावली, आणि त्या क्षणापासून तिच्या मागे साडेसाती लागली.

दुसऱ्या दिवशी तो दोन रॅकेटी, बॅडमिंटनच्या पिसांच्या फुलांचा डबा आणि एक पांढरी टोपी घेऊन आला. टोपीमुळे त्याचं नाव कप्तान पडलं. खरं तर ते त्यानं स्वतःच पाडलं आणि पसरू दिलं. मग दिवाणखान्यात, सोफा भिंतीला सारून, शिकवणी सुरू झाली.

"बघ, रॅकेट अशी धरायची. कढईचा दांडा धरतेस ना, तशी. आणि फूल मारताना हात नाही हलवायचा. ऑम्लेट उलटताना काय हलतं? हात? नाही! हे बघ, हे इथलं. मनगट!"

ती दचकली. शब्द थेट बाईंचा. खेळातलं ओ की ठो न कळणाऱ्या या माणसाला हे मनगट सापडलं कुठे? पण तेवढ्यात त्यानं प्रात्यक्षिक दाखवलं आणि फूल दिव्यात जाऊन अडकलं, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

खेळायला जागा म्हणजे इमारतीमागचं पटांगण. ते बाग खात्याचं. कप्तान अर्ज घेऊन बाग खात्यात गेला. ज्या माणसानं अर्धं आयुष्य लोकांना "उद्या या" सांगण्यात घालवलं, तो पहिल्यांदाच टेबलाच्या अलीकडच्या बाजूला उभा होता. तिथून टेबल किती रुंद दिसतं हे त्याला नव्यानंच कळलं.

"जाळी बांधणार? मग खांब पुरणार," बागवाले साहेब म्हणाले. "पुरलेला खांब म्हणजे बांधकाम. बांधकाम खात्याचा दाखला आणा."

बांधकाम खातं म्हणालं, "बागेत बांधकाम? आधी बाग खात्याची हरकत नसल्याचं पत्र आणा."

बाग खातं म्हणालं, "बांधकामाला आमची हरकत असतेच. दाखला आणलात तर ती काढू."

असा कप्तान या खात्यातून त्या खात्यात जाऊ-येऊ लागला. अगदी फुलासारखा, फरक इतकाच की फुलाला निदान कुठल्यातरी बाजूला पडायची मुभा असते. शेवटी बागवाल्या साहेबांनाच दया आली. दार लोटून ते हळूच म्हणाले, "हे बघा, खांब जमिनीत गेला तर बांधकाम. आणि माणसानं हातात धरून उभा केला, तर ते सामान. सामानाला परवानगी लागत नाही."

म्हणून त्या पटांगणात बॅडमिंटनची जाळी दोन जिवंत माणसं धरून उभी राहत. असा खेळ दुसरीकडे कुठे होत असेल असं वाटत नाही. एक खांब मोजणीकाकांचा ठरलेला. काका पेन्शनर, हयात जमीन मोजण्यात गेलेली. अंगण मोजून, चुन्यानं रेघा मारून त्यांनीच दिल्या होत्या. दुसरा खांब ज्याची खेळायची पाळी नसेल त्याचा, म्हणजे बहुधा दंतवैद्याच्या बायकोचा. काका खांबाला टेकून सल्ले देत. सल्ला रंगात आला की हात वर जाई, हातासोबत खांब, खांबासोबत जाळी, आणि ज्याच्या फुलावर जाळी वर गेली तो "काका, पक्षपात!" म्हणून ओरडे.

"पक्षपात कसला? मी मोजणीखात्यातला माणूस. आम्ही सगळ्यांचंच नुकसान सारखं करतो."

रेघांचं आणखी वेगळं दुखणं. पटांगणाभोवती झाडंच झाडं. शुक्रवारी झाडून घ्यावं, तर शनिवारी सकाळी रेघा पिवळ्या-तांबड्या पानांखाली गडप. फूल आत पडलं की बाहेर, यावर वाद झाला की खेळ थांबे, सगळी मंडळी गुडघ्यांवर बसून पानं उचलू लागत. कुणाला रेघ सापडे, कुणाला हरवलेली किल्ली. एकदा दंतवैद्याला पानांखाली आपणच बसवलेला कुणाचा तरी दात सापडला. दात कुणाचा हे मात्र तो शेवटपर्यंत बोलला नाही, व्यवसायाची नीती म्हणून.

आणि या सगळ्यात तिचं काय चाललं होतं? तर ती वाईट खेळत होती. आणि चांगलं खेळता येणाऱ्याला वाईट खेळणं म्हणजे काय असतं, हे गळा असून बेसूर गाणाऱ्याला विचारा. फूल समोर यायचं, मोठं, पांढरं, हळू, दुधावरच्या सायीसारखं, मनगट शिवशिवायचं, आणि तिला रॅकेट मुद्दाम उशिरा न्यावी लागायची. रात्री हात दुखायचा तो खेळून नव्हे, न खेळून.

कप्तानाचा नियम एकच होता. "जोडीत खेळताना दोघांच्या मधोमध फूल आलं की तू बाजूला हो. मधलं फूल माझं. तू गोंधळून जाशील."

"बरं. तुमचं," ती म्हणायची.

मधलं फूल यायचं. ती बाजूला व्हायची. कप्तान धावायचा, टोपी सांभाळायचा, आणि फूल त्याच्या पायाशी असं अलगद उतरायचं जसं काही पाया पडायलाच आलं होतं. दर शनिवारी त्यांचा भोपळा. रविवारीही भोपळाच.

एकदाच घात झाला. दंतवैद्यानं फूल फार उंच दिलं, तिच्या मनात कचेरीतला काहीतरी राग होता, आणि कानात बाई ओरडल्या. सप्प! फूल कुठे गेलं कुणालाच दिसलं नाही. मग दंतवैद्यानं ते स्वतःच्या शर्टाच्या खिशातून काढलं.

सगळे तिच्याकडे वळले.

"वारा होता," कप्तान म्हणाला.

"वाऱ्याला मनगट असतं का?" दंतवैद्य छाती चोळत म्हणाला.

"उत्तरेचा वारा," काकांनी खांबावरून निर्णय दिला. "या दिवसांत तो असाच मध्येच येतो." ती घाईघाईनं म्हणाली, "हो हो, मलासुद्धा जाणवला." घरी गेल्यावर कप्तानानं तिला वाऱ्याचा अंदाज कसा घ्यावा यावर आणखी एक धडा दिला.

जेवणाचं प्रकरण तर त्याहून पुढे गेलं. पहिल्या शनिवारी पाव आणि उकडलेले बटाटे होते, सगळे खूश होते. दुसऱ्या शनिवारी दंतवैद्याच्या बायकोनं सफरचंदाचा केक आणला. झालं! केक गोड होता, पण तो कप्तानाच्या मनाला तिखट लागला. "कप्तानाच्या घरी पाव-बटाटे, आणि दातांच्या घरून केक?" मग भोपळ्याचं सूप ठरलं. घरातलं सर्वांत मोठं पातेलं कमी पडलं, काकांकडून मोठं आलं. ते चुलीवर बसेना, म्हणून चुलीची जाळी बदलली. मग भाजलेली कणसं आली, कांदे घालून भाजलेलं मटण आलं, आणि मंडळी वाढत गेली. बागवाले साहेबसुद्धा "खांब तपासायला" म्हणून जेवणाच्या वेळेला येऊ लागले.

रांधायचं अर्थातच तिनं. कप्तानाला कप्तानकी होती. ती पहाटे उठून भोपळे चिरायची, आणि खरं सांगायचं तर तिला त्यात रस नव्हता. सूप पळीला चिकटायचं. पळी उलटी केली तरी पडायचं नाही. तरी मंडळी "वहिनी, काय चव आहे!" म्हणून वाटीवर वाटी मागत, याचं तिलाच नवल वाटे.

एक गोष्ट मात्र तिला उमगायची नाही. खेळ ऐन रंगात आला की कप्तान "आलोच" म्हणून रॅकेट काखेत मारून घराकडे पळायचा आणि मग तोंड पुसत परत यायचा. फूल हवेत असतानासुद्धा त्याचं नाक घराच्या दिशेला असे. तिला वाटायचं, बिचारा दमतो, पाणी प्यायला जातो. हरल्याचं दुःख आडोशाला जाऊन गिळत असेल. आणि तिला आणखीच भरून यायचं.

अशात एका रविवारी समोरच्या इमारतीतला बेकरीवाला आपल्या मेहुणीला घेऊन आला. दोघंही उंच, दोघंही चपळ. त्यांनी कप्तानाच्या जोडीला भोपळा दिला, मग भोपळ्याचं सूप प्यायलं, आणि बेकरीवाला मिशी पुसत सगळ्यांदेखत म्हणाला, "कप्तान, तुमच्याकडे खेळायला नाही, नुसतं जेवायलाच यावं! खेळाचं आमच्यावर सोडा की."

मंडळी हसली. दंतवैद्य तर सगळे दात दाखवून हसला. कप्तानाचे कान टोपीच्या कडेपर्यंत लाल झाले.

काकांनी पळी पातेल्यावर वाजवली. "ठरलं तर. पुढच्या रविवारी शेवटचा सामना, मग थंडी पडेल. जिंकेल त्याची टोपी, तो कप्तान. हरेल त्यानं पुढच्या वर्षी खेळायचं नाही. बाहेर बसून सगळ्यांचं जेवण सांभाळायचं."

तिनं चटकन नवऱ्याकडे पाहिलं. बाहेर बस, डबे सांभाळ. आणि खरंच, त्याचा चेहरा पुन्हा तस्साच झाला, एवढासा, दूर गेलेला. तो आठवडा तिनं असे शिक्के मारले की पोस्टमास्तर खुर्चीतून उठून बघायला आले, टेबलाला तडा गेला की काय. दर शिक्क्याला तिची स्वतःशीच झटापट चाले. सांगावं? पण सांगितलं तर इतके शनिवार-रविवार त्यानं जिला ऑम्लेट उलटायला शिकवलं ती कोण होती हे कळेल, आणि सगळ्या गावात हसं होईल ते त्याचं. न सांगावं? तर तो पुन्हा झाडाखाली जाऊन बसेल. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधोमध फूल.

तो रविवार उजाडला. झाडांवर आता मोजकीच पानं उरली होती, ती जागा सोडायला तयार नसलेल्या पेन्शनरांसारखी. घरात पातेलं चुलीवर होतं. अख्खी इमारत पटांगणात होती. एका खांबाला मोजणीकाका, दुसऱ्याला, बघता बघता, दस्तुरखुद्द बागवाले साहेब.

खेळ सुरू झाला. आज तिनं थोडी कमी वाईट खेळायचं ठरवलं होतं. म्हणजे वाऱ्याच्या नावावर खपेल इतपत. एक वारा इकडून आला, एक तिकडून. बेकरीवाल्याच्या मेहुणीला कळेना, आपल्याकडे वारा का नाही. कप्तान धापा टाकत ओरडायचा, "शाब्बास! बघ, ऑम्लेट! ऑम्लेट!" मधली फुलं मात्र नियमाप्रमाणे त्याची, आणि ती सगळी त्याच्या पायाशी. असं करत, एक गुण वाऱ्यानं मिळवलेला आणि एक कप्तानानं घालवलेला, सामना येऊन ठेपला अगदी बरोबरीवर. आता जो मारेल तो जिंकेल.

बेकरीवाल्यानं फूल उंच, उंच उडवलं. ते झाडांच्या शेंड्यांपाशी गेलं, तिथे क्षणभर थांबलं, आणि दोघांच्या बरोब्बर मधोमध खाली येऊ लागलं.

ती बाजूला झाली. कप्तान खाली उभा राहिला. तोंड वर, टोपी मागे. आणि तेवढ्यात त्याचं नाक हललं. मान हळूहळू घराकडे वळली. फूल येतंय, आणि हा माणूस घराकडे बघतोय!

"मनगट!" कानात बाई गरजल्या.

"सोड!" ती ओरडली. "माझं!"

बावीस वर्षांच्या संसारात तिच्या तोंडून "अहो"शिवाय शब्द निघाला नव्हता. कप्तान असा बाजूला झाला जसा कुणी ढकलला. ती हवेत होती. सप्प झालं, आणि फूल बेकरीवाला आणि मेहुणी यांच्या मधून जाऊन मागच्या पानांच्या ढिगात शिरलं. सगळे गुडघ्यांवर बसले. पानं उचलली. फूल रेघेवर होतं, नाक टेकवून.

काकांनी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या, त्यामुळे खांब पडला, खांबानं जाळी ओढली, जाळीनं बागवाल्या साहेबांना. जाळीखालून साहेब म्हणाले, "हे पाडकाम झालं! त्याचं खातं वेगळं आहे!"

पण नवरा-बायकोचं तिकडे लक्ष नव्हतं.

"तू मला सोड म्हणालीस?"

"अहो, चुकून..." मग ती थांबली. आता कसलं चुकून! "मी खेळायचे. शाळेत. कॉलेजात. कप्तान होते मी."

तो चुन्याच्या पालथ्या बादलीवर बसला. "मग मी तुला ते ऑम्लेट..."

"छान शिकवत होतात."

"आणि तो उत्तरेचा वारा?"

"मीच."

"मग बोलली का नाहीस गं?"

"कशी बोलणार? डब्यांचं सांगताना तोंड एवढंसं झालं होतं तुमचं. मला वाटलं, यांना कधी कुणी खेळूच दिलं नाही, एवढं तरी..."

मग त्यानं टोपी काढली आणि तिच्या डोक्यावर ठेवली. तिला ती नीट बसली. "खेळू दिलं नाही कुठलं! मास्तर खेळायला बोलावतील या भीतीनं मी पायाला फडकं बांधून जायचो. अगं, सगळ्या वर्गाचे डबे माझ्यासमोर! कुणाच्या डब्यात काय आहे हे मी झाकण न उघडता, वासावरून सांगायचो. पैज लागायची. पोरं खेळून आली की राखणदाराचा हक्क म्हणून जो तो एकेक घास द्यायचा. तोंड एवढंसं झालं ते त्या आठवणीनं. तसे दिवस पुन्हा आले नाहीत."

"मग हा खेळ काढलात कशाला?"

"नुसतं जेवायला या म्हटलं तर लोक विचारतात, कशाबद्दल? खेळून दमले की बिनबोभाट येतात."

ती हसायला लागली, ती टोपी डोळ्यांवर येईपर्यंत हसत राहिली. मग एकदम थांबली. "आणि ते 'आलोच' म्हणून घरी पळणं?"

पण तो ऐकायला तिथे नव्हताच. नाक पुढे आणि पाय मागे असा तो जिन्याकडे निघाला होता. ती मागोमाग धावली. स्वयंपाकघरात धूर होता. पातेल्याच्या तळाशी भोपळा धरायला लागला होता. तिनं घाईनं पळी उचलून ढवळायला घेतलं. पळी पातेल्यात उभी राहिली.

तो दारात उभा. अंगणातून मंडळींच्या पावलांचा आणि भुकेचा आवाज जवळ येत होता.

"दर वेळी मी येऊन त्यात पाणी घालतो. मीठ घालतो. मिरी घालतो," तो म्हणाला. "बावीस वर्षं बोललो नाही. तुझं मन दुखेल म्हणून. पण आज तूच सुरुवात केलीस, म्हणून सांगतो." त्यानं बाह्या वर सारल्या आणि तिच्या हातातल्या पळीला हात घातला.

"सोड," तो म्हणाला. "ही माझी!"